लहान कॉलेजात मायक्रोबायोलॉजी-झूऑलॉजी : लॅब तोकडी असली तर पोरांनी काय करायचं?

कळंबा_रोड
भाचीला बारावीनंतर बी.एस्सी.ला घालायचं आहे. गावापासून वीस मिनिटांवर लहान कॉलेज आहे, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. मायक्रोबायोलॉजी, झूऑलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री असे विषय, वर्गात तीसेक मुलं. घरातले काही जण म्हणतात पुण्याला पाठवा, इथं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं) मशीनसुद्धा नाही. पुढं एम.एस्सी. किंवा हॉस्पिटल-लॅबच्या बाजूला जायचा तिचा विचार आहे. अशा कॉलेजात हाताला काही लागतं का? कॉलेज बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? जाणकारांनी सांगावं.

निळी_शाई
पीसीआर नाही हा मुद्दा आधी बाजूला ठेवा. पहिल्या दोन वर्षांत खरं काम मायक्रोस्कोप, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र), इन्क्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारी पेटी), वजनकाटा, पीएच मीटर आणि कलरीमीटर यांच्यावर होतं. ही सहा यंत्रं चालू असली की निम्मी लढाई जिंकली.

बघायचं ते असं, की रसायनं तयार कोण करतं. मोठ्या बॅचला लॅब असिस्टंट सगळं बाटलीत भरून ठेवतो, पोरं चार थेंब इकडचे तिकडे टाकतात आणि जर्नल लिहितात. तीस जणांच्या वर्गात ‘सर, बफर आम्ही करतो’ म्हणायची सोय असते. जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा (विजेनं डीएनएचे तुकडे वेगळे करायची पद्धत) साधा टीएई बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण घ्या. ५०एक्स (पन्नासपट तीव्र) साठा एक लिटर करायचा तर ट्रिस बेस २४२ ग्रॅम, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड ५७.१ मिलि आणि ०.५ मोलर ईडीटीए १०० मिलि. वाचायला सोपं. पण ईडीटीए नुसत्या पाण्यात विरघळतच नाही, तळाशी पांढरा गाळ बसून राहतो. सोडियम हायड्रॉक्साइड घालत पीएच ८ च्या जवळ नेला की मग ते पारदर्शक होतं. हे ज्याला माहीत नाही तो तासभर ढवळत बसतो आणि शेवटी गाळून घेतो. गाळणीत निम्मं ईडीटीए गेलं, आता बफरची ताकद किती, कुणास ठाऊक. असल्या गोष्टी पीसीआर मशीन शिकवत नाही.

सदाशिव_पेठी
असहमत. पुण्यात एनसीसीएस, आयसर, आघारकर, एनआयव्ही अशा संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर. व्याख्यानं होतात, प्रोजेक्ट मिळतो, पोरगं चार शास्त्रज्ञ बघतं. लहान कॉलेजात बफर ढवळून कुणी शास्त्रज्ञ होत नाही.

रांगडा_गडी
हाकेच्या अंतरावर हायत म्हणून हाक मारली की दार उघडतात काय तिथं? १२० च्या बॅचमधल्या पोराला मायक्रोस्कोपवर पाळी यायला श्रावण उजाडतो. 😀

निळी_शाई
@सदाशिव_पेठी, व्याख्यानांचा मुद्दा मान्य. पण उन्हाळी फेलोशिपसाठी तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त योजना आहे, तिथं कॉलेज कुठलं याची अट नाही. अर्ज साधारण हिवाळ्यात भरावा लागतो, शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं आणि ‘मला काय करायचंय’ हे स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. तीस जणांच्या वर्गात शिक्षक मुलाला नावानं ओळखतात, त्यामुळं शिफारसपत्र छापील मजकुराचं निघत नाही. शिवाय इथं शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी असे वेगळे विभाग आहेत आणि महागड्या उपकरणांची सामाईक सुविधाही आहे. नमुना देऊन, शुल्क भरून मोजमाप करून घेता येतं. कॉलेजनं स्वतः मशीन विकत घ्यायची गरज नाही.

पेट्रीतली_बुरशी
पीसीआरवरनं भांडताय, आधी ग्रॅम स्टेन (रंगावरून जंतूंचे दोन गट ओळखायची पद्धत: पॉझिटिव्ह जांभळे, निगेटिव्ह गुलाबी) धड येतो का विचारा.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. आयोडीन १ मिनिट, पाणी. मग अल्कोहोल. इथं सगळं घडतं-बिघडतं. स्लाइड तिरकी धरून थेंब-थेंब सोडायचं आणि खाली येणारा जांभळा रंग थांबला की लगेच पाण्याखाली. पातळ स्मिअरला (स्लाइडवर पसरलेल्या थराला) १० ते १५ सेकंद पुष्कळ झाले. मग सॅफ्रॅनिन ४५ सेकंद ते १ मिनिट.

चुका कुठं होतात? स्मिअर जाड घेतला की मधल्या गठ्ठ्यात रंग अडकतो, ग्रॅम निगेटिव्हसुद्धा जांभळा दिसतो. ज्योतीवर स्लाइड भाजली की पेशीभिंती फुटतात आणि पॉझिटिव्ह गुलाबी होतो. कल्चर (वाढवलेले जंतू) २४ तासांपेक्षा शिळं असलं तरी तेच. स्लाइड हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम करायची. आणि दरवेळी त्याच स्लाइडच्या एका कडेला माहितीतला जंतू लावायचा. तो चुकीच्या रंगाचा आला तर मधल्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही.

सरावाला दही घ्या, लॅक्टोबॅसिलस पॉझिटिव्ह मिळतात. फक्त दही पाण्यात चांगलं पातळ करून घ्या. फिक्स केल्यावर झायलीननं फॅट काढा, नाहीतर सगळं धुकट दिसतं.

टी_वाय_चा_विद्यार्थी
वाचतोय. एक प्रश्न: कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइडमध्ये विभाजन चाललेल्या पेशी सापडतच नाहीत, सगळ्या इंटरफेज (दोन विभाजनांमधल्या अवस्थेत). रंगही फिका. काय चुकत असेल?

गुणसूत्र_गुरुजी
@टी_वाय_चा_विद्यार्थी, तीन-चार शक्यता.

मुळं किती लांब? १ ते २ सेंटिमीटरची हवीत. चार दिवस पाण्यात ठेवून दाढीसारखी वाढलेली चालणार नाहीत. पाणी रोज बदलायचं. कांदा जुना घ्या, ताज्याला लवकर मुळं फुटत नाहीत. बाजारातल्या काही कांद्यांवर कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेली असते, ते हटूनच बसतात. म्हणून एकदम पाच-सहा कांदे लावा.

मुळं सकाळी कापून लगेच कार्नॉयमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणारं द्रावण) टाका : अल्कोहोल ३ भाग, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड १ भाग, ताजं केलेलं. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये, म्हणजे पुढचे काही आठवडे कधीही काढून वापरता येतात. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड, ६०° सेल्सिअस, ५ ते ८ मिनिटं. कमी ठेवलं तर पेशी सुट्या होत नाहीत, जास्त ठेवलं तर मूळ हातात लगदा होतं. १ नॉर्मल करायला बाजारातलं तीव्र अॅसिड साधारण ८.३ मिलि घेऊन १०० मिलि करायचं. अॅसिड पाण्यात, पाणी अॅसिडमध्ये नाही.

आणि खरी मेख: शेवटचे २ मिलिमीटरच वापरायचे. रंग घेतल्यावर टोक गडद दिसतं, तेवढंच ठेवून बाकी ब्लेडनं उडवायचं. बहुतेक मुलं सेंटिमीटरभर मूळ चेपतात, मग तिथं लांबट, विभाजन न होणाऱ्या पेशीच दिसणार. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. बाजूला सरकलात की गुणसूत्रं गुंडाळली जातात.

टी_वाय_चा_विद्यार्थी
सेंटिमीटरभरच चेपत होतो! धन्यवाद गुरुजी.

जुनी_खुर्ची
आमच्या पिढीला बेडूक, झुरळ, शार्क सगळं कापायला मिळालं. आता झूऑलॉजीत विच्छेदनच नाही म्हणे. मग झूऑलॉजी कशाला म्हणायचं? चित्रकला म्हणा.

माशी_मास्तर
@जुनी_खुर्ची, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१४ मध्ये विच्छेदन थांबवायला सांगितलं, कॉलेजांचा त्यात दोष नाही. आणि झुरळ कापून जनुकशास्त्र कळत नव्हतं. फळमाशी पाळा, खर्च जवळजवळ शून्य. आपल्याकडं तर खाद्यही घरचं: पाणी १ लिटर, गूळ १०० ग्रॅम, रवा १०० ग्रॅम, अगर १० ग्रॅम. शिजवून घट्टसर झालं की खाली उतरवा, थोडं निवल्यावर प्रोपियॉनिक अॅसिड साडेसात मिलि. उकळत्यात घातलं तर ते उडून जातं, वास नाकात आणि बुरशी बाटलीत.

२५ अंशांला अंड्यापासून माशीपर्यंत सुमारे १० दिवस. मे महिन्यात आपली खोली ३५ च्या पुढं जाते. ३० अंशांच्या आसपासच नर नापीक व्हायला लागतात, मग ‘क्रॉस (नर-मादीचा संकर) लावला पण अळ्याच नाहीत’ अशी तक्रार येते. बाटल्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा किंवा सरळ क्रॉस पावसाळ्यानंतर लावा.

माद्या कुमारी हव्यात. बाटलीतल्या सगळ्या माशा सकाळी काढून टाका आणि पुढच्या ८ तासांच्या आत बाहेर आलेल्याच घ्या. एक वापरलेली मादी चुकून शिरली की ३:१ चं गुणोत्तर विसरा, कारण ती आधीच्या नराचे शुक्राणू साठवून ठेवते. नर ओळखायला पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायावर केसांचा कंगवा.

रांगडा_गडी
कोल्हापूरचा गूळ माश्यांला! गुऱ्हाळवाल्यांनी वाचलं तर नाद खुळा होईल.

गोड_गोष्टी
गुळाचा विषय निघालाच आहे तर, टी.वाय.च्या प्रोजेक्टला यासारखं स्वस्त काही नाही. डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धतीनं गुळातली रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोजसारखी साखर) काढा. १ ग्रॅम गूळ १०० मिलि पाण्यात, गाळून घ्या. ग्लुकोजचे स्टँडर्ड (माहीत ताकदीची द्रावणं) ०.२ ते १ मिग्रॅ प्रति मिलि. डीएनएस घालून उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, गार करून ५४० नॅनोमीटरला वाचन.

फसतं ते इथं: गुळाचा स्वतःचा तपकिरी रंग. डीएनएस न घालता तितक्याच गुळाच्या पाण्याचा वेगळा ब्लँक (तुलनेची नळी) लावून तो वजा केला नाही, तर काळा गूळ उगीचच जास्त साखरेचा ठरतो. दुसरं, सुक्रोज रिड्यूसिंग नाही, त्यामुळं डीएनएसला ती दिसत नाही. एकूण साखर हवी तर आधी अॅसिडनं फोडा. मग सोडियम हायड्रॉक्साइडनं उदासीन करायला विसरू नका, डीएनएस अल्कलीतच काम करतं.

दूध_डेअरी
आमच्याकडचं घ्या: मिथिलीन ब्लू रिडक्शन, म्हणजे निळा रंग उडायला किती वेळ लागतो त्यावरून दुधातले जंतू ओळखायचे. १० मिलि दूध, १ मिलि रंग, बूच लावून ३७ अंशांच्या पाण्यात, अंधारात. निळा रंग ५ तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर जंतूंची जत्रा. नळी सारखी हलवायची नाही, हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि रंग परत येतो. गवळ्याचं, संस्थेतलं आणि पिशवीतलं दूध एकाच दिवशी लावलं की तक्ता आपोआप तयार. चाचणीच्या जोडीला प्लेट काउंटही (प्लेटवरच्या वसाहती मोजून जंतूंची संख्या काढणं) करा: १ मिलि दूध ९ मिलि सलाईनमध्ये, तसं पाच वेळा. एक लाखपट विरल केलेल्या नळीतलं ०.१ मिलि पसरलं आणि १५० वसाहती आल्या, तर मूळ दुधात मिलिलिटरला दीड कोटी नाही, पंधरा कोटी. तो ०.१ चा भागाकार निम्मा वर्ग विसरतो. ३० ते ३०० च्या बाहेरच्या प्लेट मोजायच्या नाहीत.

सदाशिव_पेठी
गूळ झाला, दूध झालं, आता तांबडा रस्सा कधी?

पेट्रीतली_बुरशी
रश्शात जंतू टिकत नाहीत, त्यामुळं प्रोजेक्ट होत नाही.

सीपीआर_चौक
धाग्यात हॉस्पिटल-लॅबचा उल्लेख आहे, त्यावर कुणी बोललं नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लवकर नोकरी हवी असेल तर डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) किंवा एमएलटीची पदवी हा सरळ रस्ता. नुसत्या बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीवर तिथं लोक घेतात, पण मग वर डिप्लोमा करावाच लागतो. साधी बी.एस्सी. जास्त उपयोगी पडते ती डेअरी, साखर कारखाना, डिस्टिलरी, औषध आणि अन्नप्रक्रिया कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये.

झूऑलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये रक्ताचं काम असतं, तेवढं मन लावून करावं. लाल पेशी मोजताना रक्त २०० पट पातळ, काचेच्या मोजणी-चेंबरच्या मधल्या चौकोनातले ८० बारीक चौकोन मोजायचे आणि आकडा गुणिले १०,०००. पांढऱ्या पेशींना २० पट, चार कोपऱ्यांचे मोठे चौकोन, गुणिले ५०. पिपेटच्या दांड्यातले पहिले थेंब टाकून द्यायचे, त्यात नुसतं द्रावणच असतं. चेंबर भरल्यावर दोन मिनिटं थांबायचं, पेशी खाली बसू द्यायच्या. चौकोनाच्या रेषेवरच्या पेशी वरच्या आणि डाव्या बाजूच्या धरायच्या, खालच्या-उजव्या सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते.

रक्तगट स्लाइडवर बघताना निकाल दोन मिनिटांत वाचा. नंतर थेंब सुकतो आणि सुकलेला थेंब गुठळीसारखा दिसतो. आणि लॅन्सेट एकाला एकच. सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. कॉलेज बघायला जाल तेव्हा हे डबे-पिशव्या आहेत का ते बघा.

घरचा_प्रयोग
लॅब लहान असेल तर घरी प्रेशर कुकरमध्ये मीडिया (जंतूंचं खाद्य) करून पंचगंगेचं पाणी प्लेटवर वाढवता येतं की. कुकरचं प्रेशर ऑटोक्लेव्हइतकंच असतं.

पेट्रीतली_बुरशी
@घरचा_प्रयोग, थांबा. कुकरमध्ये मीडिया निर्जंतुक होतो हे खरं, फक्त आधी शिट्टी न लावता वाफेची जोरदार धार येऊ द्यायची. आतली हवा गेली नाही तर प्रेशर दिसतं पण तापमान १२१ पर्यंत पोचत नाही. फ्लास्क दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. इथपर्यंत ठीक.

पण नदीचं, गटाराचं, जखमेचं काहीही घरी वाढवायचं नाही. पाण्यात एखादा रोगजंतू असेल तर प्लेटवर त्याचे कोट्यवधी होतात, आणि ती प्लेट फ्रिजमध्ये बटाट्याशेजारी! प्लेट टाकताना आधी ऑटोक्लेव्ह करावी लागते, घरी ते कोण करणार? नदीचं काम कॉलेजातच.

पंचगंगा_घाट
नदीच्या पाण्यावर घरी करण्यासारखं नाही, पण घाटावर करण्यासारखं आहे: विरघळलेला ऑक्सिजन. ३०० मिलिची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातले जंतू खातात तो ऑक्सिजन) पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा नको. तिथंच मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड घालून बूच लावायचं. ‘कॉलेजात जाऊन घालू’ म्हणालात की वाटेत शेवाळ आणि जंतू आकडा बदलून टाकतात. कॉलेजात अॅसिड, मग २०० मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटनं टायट्रेशन: जितके मिलि लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. स्टार्च सुरुवातीला नाही, रंग फिकट गवती झाल्यावर. बीओडीसाठी आपल्याकडं २७ अंशांला ३ दिवस ही पद्धत चालते. इन्क्युबेटरची लाईट रात्री गेली तर तो नमुना फुकट, म्हणून लॅबला इन्व्हर्टर आहे का तेही विचारा.

मसाई_पठार
बॉटनीवाल्यांचं कुणीच काही बोलेना. पन्हाळा, मसाई पठार, दाजीपूर हे ज्याच्या अंगणात, त्यानं पुण्याचा हेवा करायचा? विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांचा संग्रह आहे, तो बघून या. फक्त राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानसुद्धा तोडू नका. पावसात हर्बेरियम (दाबून वाळवलेले वनस्पतींचे नमुने) करताना टिपकागद रोज बदला, पहिले चार दिवस तर दिवसातून दोनदा, नाहीतर नमुना काळा पडतो. इतकंच, बाकी वेगळ्या धाग्यावर.

कळंबा_रोड
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी कॉलेज बघायला जाणार आहोत. थोडक्यात सांगा, आत गेल्यावर काय विचारू? आणि पुढच्या प्रवेशपरीक्षांचं काय?

निळी_शाई
ऑटोक्लेव्हचं रजिस्टर मागा. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली आहे की मार्चमधली, यावरून कळेल लॅब चालते की नुसती झाडली जाते. मायक्रोस्कोपमधून १०० च्या भिंगातून एखादी स्लाइड दाखवायला सांगा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. जाळ्यासारखे धागे दिसले तर समजा सिलिका जेल कपाटात कुणी बदलत नाही. मायक्रोपिपेट किती आणि शेवटची तपासणी कधी, हेही विचारा. तपासणी अवघड नसते, १००० मायक्रोलिटर पाणी काट्यावर जवळपास १ ग्रॅम भरलं पाहिजे, दहा वेळा. मागच्या वर्षीच्या टी.वाय.च्या प्रोजेक्टच्या फाइल्स चाळा. सगळ्यांच्या विषयात एकच वाक्य फिरवलेलं असेल तर दुसरं कॉलेज बघा.

सदाशिव_पेठी
हे पुण्यातल्या कॉलेजांनाही विचारायला हवं, एवढं कबूल.

प्रवेशपरीक्षा
परीक्षांबद्दल. एम.एस्सी.साठी आयआयटींची जॅम देता येते, विषय बायोटेक्नॉलॉजी. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापतात ते फक्त पहिल्या ३० पर्यायी प्रश्नांत. अनेक बरोबर पर्याय असलेले १० आणि आकडा लिहायचे २० यांत कापत नाहीत. ते २० सोडून येणारे पुष्कळ. दुसरी गॅट-बी, केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या मदतीनं चालणाऱ्या एम.एस्सी. जागांसाठी. दोन्हींत बारावीच्या पातळीचं रसायन, भौतिक आणि गणितही असतं. भाचीनं बारावीला गणित घेतलं होतं का?

कळंबा_रोड
नाही, बायोलॉजीच्या जोडीला दुसराच विषय होता.

प्रवेशपरीक्षा
मग एफ.वाय.पासूनच अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तक उघडायचं: लॉगॅरिदम, संभाव्यता, साधं डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स. आठवड्याला दोन तास धरले तरी टी.वाय.पर्यंत आरामात होतं. लॉगॅरिदम तर पहिल्याच सहामाहीत लागेल, जंतूंच्या वाढीचा आलेख काढताना.

रांगडा_गडी
शनिवारी गेलात की ऑटोक्लेव्हच्या रजिस्टरचं काय झालं ते इथं लिहा. आम्ही वाट बघतोय.